हाड जुळलं, मग हात का ठणकतो?

या वेळच्या पत्रांत मनगटच मनगट आहे. पावसाळ्याच्या शेवटी हे दर वर्षी होतं. शेवाळलेलं अंगण, ओली मोरी, पाय घसरतो आणि पडता पडता माणूस तळहात टेकतो. मिरजेत अस्थिरोगाच्या वॉर्डात मी आहारतज्ज्ञ होते, तेव्हा गणपती ते दिवाळीच्या दरम्यान ओपीडीच्या बाकावर साठी ओलांडलेल्या बायकांची रांगच असायची, सगळ्यांच्या गळ्यात झोळी. म्हणून हे सगळं सदर आज मनगटाला दिलंय. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : हाड जुळलं म्हणतात, पण दुखणं जात नाही, खाण्यात काही चुकतंय का? चुकतंय बऱ्याच घरांत, पण लोकांना वाटतं त्या ठिकाणी नाही.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. श्रावणात मोरीत घसरून उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढूनही आता दोन महिने होत आले, पण हाताची आग होते, बोटं सुजून चकचकीत दिसतात, मूठ वळत नाही. पदर नुसता घासला तरी कळवळतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, आंबट आणि वातुळ बंद करा. म्हणून लिंबू, दही, ताक, चिंच, टोमॅटो, वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, वाल, सगळं बंद केलं. मऊ भात, तूप, शिरा आणि दूध एवढंच देतो. तरी फरक नाही. अजून काय बंद करू? – एक सून, कराड

अजून काही बंद करू नका. आधी बंद केलेलं सुरू करा.

पण ताटाकडे नंतर येते. तुम्ही जे लिहिलंय, आग, चकचकीत सूज, पदराचा स्पर्शही न सोसणं, ते वाचून मला आहारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. हात कधी लालसर गरम तर कधी गार निळसर पडतो का? त्या हाताला घाम जास्त येतो का? नखं किंवा लव वेगळी वाढल्यासारखी वाटते का? यातलं काही असेल तर हे नुसतं ‘मोडलेल्या हाडाचं दुखणं’ नाही. याला डॉक्टर कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात सीआरपीएस. जुने अस्थिरोगतज्ज्ञ अजून ‘सुडेक’ म्हणतात. १९०० साली जर्मनीतल्या पॉल सुडेक यांनी त्याचं वर्णन केलं, त्यांचं नाव. हाड एक्स-रेत छान जुळलेलं दिसतं, पण नसा आणि मेंदू मात्र हात अजून जखमी असल्यासारखेच वागत राहतात. साध्या स्पर्शाचाही वेदना म्हणून निरोप जातो. आजी नाटक करत नाहीत आणि ‘वय झालं’ हेही त्याचं उत्तर नाही. मनगट मोडलेल्या वयस्क बायकांत हे नेहमी आढळणारं दुखणं आहे. लवकर ओळखलं तर बऱ्याच जणी वर्षभरात पुष्कळ सावरतात. तेव्हा हे मासिक खाली ठेवा आणि याच आठवड्यात ज्यांनी प्लास्टर घातलं त्यांच्याकडे न्या. ‘हाड जुळलंय’ एवढं ऐकून परत येऊ नका. ‘हात असा का झालाय आणि फिजिओथेरपी कधी सुरू करायची’ हे विचारून या.

तोवर घरात काय करायचं? झोळी काढा. दिवसभर हात पोटाशी धरून बसल्यानं खांदाही धरतो, मग मनगट राहतं बाजूला आणि वेणी घालता येईना म्हणून रडणं सुरू होतं. बसलेल्या असताना हात उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवा. बोटं दिवसातून बऱ्याचदा, थोडी थोडी, सोसेल इतकीच हलवू द्या. मालिशवाल्या बाईला बोलावून बोटं बळंच वळवून घेऊ नका. सुजलेल्या हातात सणाच्या हिरव्या बांगड्याही साबण लावून चढवू नका, हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहिते. स्पर्शाची सवय हळूहळू लावता येते : आधी मऊ सुती पातळाचा तुकडा, मग पंचा, मग परातीत तांदूळ घेऊन त्यात बोटं फिरवणं. फिजिओथेरपिस्टही हेच करून घेतात. आणि त्यांना कामातून पूर्ण बाद करू नका. कणीक मळायला, कपडे पिळायला नको. पण मेथी निवडायला, मटार सोलायला, लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला बसवा. व्यायाम म्हटला की आजी कंटाळतात, मेथीची जुडी समोर ठेवली की हात आपोआप चालतो.

आता ताट. आंबट खाल्ल्यानं हाड ठणकतं हे मी नोकरीभर ऐकलं. त्याला आधार नाही. लिंबाची फोड मनगटापर्यंत जाऊन काही करत नाही. उलट, या पथ्यात काय काय गेलं ते बघा : दही-ताकाबरोबर कॅल्शियम आणि प्रथिनं, लिंबू-टोमॅटोबरोबर क जीवनसत्त्व, डाळ-वालाबरोबर उरलीसुरली प्रथिनं. राहिला भात, रवा, साखर आणि तूप.

वॉर्डात मी नातेवाइकांना डबा उघडून दाखवायला सांगायची. चार पुडांचा डबा, प्रेमानं भरलेला. वरच्या पुडात गुरगुट्या भात, त्यावर तुपाचं तळं. दुसऱ्यात शिरा. तिसऱ्यात वरण, आणि ते असं पातळ की वाटी जरा तिरकी केली की स्टीलचा तळ चमकायचा. खालच्यात सफरचंदाच्या फोडी. एवढं सगळं खाऊनही दिवसाची प्रथिनं २५-३० ग्रॅमच्या वर जाणं कठीण. साठीपुढच्या निरोगी बाईला वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम हवीत, हाड मोडल्यावर थोडी जास्तच. म्हणजे सासूबाई ५५ किलोच्या असतील तर ५५ ते ६५ ग्रॅम. हाडाचा जो सांगाडा असतो, ज्यावर कॅल्शियम बसतं, तोच मुळी प्रथिनांचा. शिवाय महिनोन्‌महिने न वापरलेल्या दंडाचे आणि पंजाचे स्नायू उतरलेले असतात, ते भरून यायला वेगळं काही लागत नाही, हेच लागतं.

तुमच्या घरात जे शिजतं त्यातूनच हे बसतं. कपभर दुधात सहा-सात ग्रॅम. मोड आलेल्या मटकीच्या घट्ट उसळीच्या वाटीत साधारण तेवढीच. मूठभर भाजलेले दाणे घ्या, तेही तेवढंच. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम. पिठलं घट्ट करा. वरणात पाणी कमी घाला. सकाळी चहा-खारीऐवजी मुगाचं धिरडं द्या. चघळायला त्रास असेल तर दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करायचा.

आणि स्पष्ट सांगते : असं खाल्ल्यानं आग आठ दिवसांत थांबेल असं नाही. कुठल्याही ताटानं सीआरपीएस बरा होत नाही. हाताला हलायची ताकद ताट देतं आणि हलल्यानं हात सुधारतो. हा क्रम आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६४. गेल्या आठवड्यात डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. पुतण्या म्हणतो, क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी ५० दिवस घे, म्हणजे नंतर दुखणं राहत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘घ्यायची तर घ्या.’ हे काय उत्तर झालं? – पुणे

बाई, डॉक्टरांचं उत्तर तुम्हाला तुटक वाटलं, पण ते प्रामाणिक आहे. पुतण्याही हवेतलं बोलत नाही.

नेदरलँड्समध्ये झोलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगट मोडलेल्या १२३ जणांवर प्रयोग केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. मघाशी सांगितलं ते दुखणं गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के, न घेणाऱ्यांत २२ टक्के. २००७ मध्ये त्यांनीच ४१६ रुग्ण घेऊन पुन्हा पाहिलं : २.४ टक्के आणि १०.१ टक्के. ज्यांना दुखणं जडलं त्या सगळ्या वयस्क बायका होत्या. ५०० च्या पुढे १५०० मिलिग्रॅम देऊन फारसा जास्त फायदा दिसला नाही. यावरून अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१० मध्ये तशी शिफारसही केली. मग २०१४ मध्ये एडिंबरामधून ३३६ रुग्णांचा अभ्यास आला, तोच डोस, तेच ५० दिवस, आणि वर्षभरानंतर हातात काही फरक नाही. तेव्हापासून डॉक्टरांत दोन तट आहेत.

माझं मत विचाराल तर : मुतखडा झालेला नसेल, मूत्रपिंड ठीक असेल, तर ५०० मिलिग्रॅमची गोळी ५० दिवस घ्यायला हरकत नाही. स्वस्त आहे. त्यावर मात्र विसंबून राहू नका, आणि मुतखड्याचा इतिहास असेल तर नकोच. मोठ्या मात्रेत तो त्रास उलटू शकतो. फळांतून एवढं मिळेल का, तर एका मध्यम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम असतं, आपली रोजची गरज ६५ धरली आहे. रोज एक पेरू किंवा एक-दोन आवळे ही कुठल्याही वादाशिवाय चांगली सवय. लिंबू पिळायचं ते वरण गॅसवरून उतरवल्यावर.

पण त्या २००७ च्या अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मला गोळीपेक्षा मोलाची वाटते आणि तिची चर्चा कोणी करत नाही. ज्यांनी सुरुवातीच्या दिवसांतच ‘प्लास्टर त्रास देतंय’ अशी तक्रार केली, त्यांनाच पुढे हे दुखणं जास्त जडलं. आपल्या बायका ही तक्रार करतच नाहीत. ‘असू दे, प्लास्टर म्हटलं की आवळणारच’ म्हणून रात्र रात्र जागून काढतात. तर तुम्ही आज प्लास्टरात आहात म्हणून सांगते : बोटं सुजून निळी पडली, बधिर झाली, हात उंच ठेवूनही ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री अकराला सुद्धा दवाखान्यात जा, प्लास्टर चिरून सैल करता येतं. बोटांतली अंगठी अजून काढली नसेल तर आज काढा. बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात, प्लास्टर फक्त मनगटाला आहे.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. वर्षापूर्वी मनगट मोडलं, हाताला थोडा बाक राहिलाय आणि करंगळीच्या बाजूला दुखतं. तेव्हापासून रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या, आठवड्याला डी जीवनसत्त्वाची पुडी, डिंकाचा लाडू आणि हाडसांधीचा काढा चालू आहे. बद्धकोष्ठ झालंय. दुखणं तसंच. मासे खातो. – चिपळूण

एकाच पत्रात चार औषधं, आणि त्यातलं एकही त्या दुखण्यावरचं नाही.

करंगळीच्या बाजूचं दुखणं बऱ्याचदा हाड थोडं आखूड किंवा वाकडं जुळल्यामुळे असतं. हात पिळताना, किल्ली फिरवताना, नारळ खवताना ते जाणवतं. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये, एक्स-रे जन्माला यायच्या कितीतरी आधी, या फ्रॅक्चरचं वर्णन केलं. बाक जन्मभर राहील पण हात पुढे कधीतरी दुखायचा थांबेल, असा दिलासा त्यांनी त्यात दिला होता. पुष्कळ जणींच्या बाबतीत तो खरा ठरतो, सगळ्यांच्या नाही. वर्ष झालं आणि दुखतंय तर नवा एक्स-रे काढून हाताच्या सर्जनला दाखवा. हा प्रश्न कॅल्शियमच्या पलीकडचा आहे.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे दोन महिने आठवड्याला देतात, मग महिन्याला एक. वर्षभर आठवड्याला, रक्त न तपासता, हे फार झालं. त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या. रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर बद्धकोष्ठ, मळमळ, सतत तहान, गोंधळल्यासारखं होणं हे सगळं होऊ शकतं. आधी पुडी थांबवा आणि रक्तातलं डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, दोन्ही तपासून घ्या. गोळ्या पुढे चालू ठेवायच्या ठरल्या तर दोन्ही एकदम नकोत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर शरीर नीट घेत नाही. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

गोळ्या मुळात किती लागतात? पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०२० ची शिफारस सांगते. दोन कप दूध-दही धरलं तर त्यातूनच साधारण ५०० होतात. नाचणीच्या एका भाकरीतून दीडशेच्या वर. चमचाभर न सोललेले तीळ चटणीत गेले की शंभर. आणि तुम्ही तर चिपळूणचे. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाता ना? कॅल्शियम त्या काट्यातच आहे, सुरमईच्या तुकडीत ते मिळत नाही. सुकटही चालेल, मीठ धुऊन. एवढं झाल्यावर एखादी गोळी पुरते.

लाडवाचं म्हणाल तर डिंकानं पाकीट चिकटतं, हाड नाही. त्यातलं खोबरं, खारीक, तूप अंगी लागतं, वजन कमी झालेल्या बाईला लाडू छानच. मधुमेह असेल तर जपून. हाडसांधी, म्हणजे कांडवेल, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिच्यावरचे माणसांतले अभ्यास अगदी छोटे आहेत, त्यामुळे मी भरवसा देणार नाही. भाजीत चिंच घालून शिजवून खाल्ली तर खा, कच्ची खाल्ली तर घशाला खाज सुटते.

आता जे वर्षभरात कोणी केलेलं दिसत नाही ते. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं म्हणजे हाडं विरळ झाल्याची पहिली वर्दी. अशा बाईचं पुढे दुसरं हाड, विशेषतः मणका किंवा खुबा, मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यात टी-स्कोअरचा आकडा उणे २.५ किंवा त्याच्या खाली आला तर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही, हाडांचं वेगळं औषध लागतं. आठवड्याची गोळी दिली तर ती उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतली तर वाया. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचंही औषध आहे. आणि मोरीत रबरी मॅट टाका, भिंतीला दांडी बसवा. दहा पुड्यांपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : आईला मिश्री लावायची सवय आहे, दिवसातून चार-पाच वेळा. हाताचं हाड उशिरा जुळतंय असं डॉक्टर म्हणाले. मिश्रीचा काही संबंध? – सांगोला

आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू आणि तंबाखू हाड जुळण्याच्या आड येतो, मग तो ओढलेला असो की हिरड्यांना लावलेला. बायका डॉक्टरांना हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं, व्यसन नव्हे. तुम्ही सांगा. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची आणि रात्रीची सोडवा.

प्रश्न : मी ६६, शाकाहारी. मंगळवार, चतुर्थी, एकादशी धरते. मनगटाचं प्लास्टर निघाल्यापासून रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकावा लागतो. बी-१२ ची इंजेक्शनं घेतली, उपयोग नाही. उपास सोडू का? – नाशिक

उपास नका सोडू, साबुदाणा सोडा. त्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही, खिचडीत जी काय प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा दुधातल्या लाह्या, दाण्याची आमटी, ताक, घट्ट दही.

मुंग्यांचं मात्र वेगळं आहे. बी-१२ कमी असलं की मुंग्या सहसा दोन्ही पायांच्या तळव्यांना आधी येतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तेही मोडलेल्याच हाताचं, तेही रात्री, ही मनगटातून जाणारी नस दाबली गेल्याची खूण आहे. याला कार्पल टनेल म्हणतात आणि मनगट मोडल्यावर ते होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून काहींना आराम पडतो. नसेची तपासणी करून घ्या आणि फार लांबवू नका, कारण नस बराच काळ दाबून राहिली तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजतो. दोन्ही तळहात शेजारी धरून आजच बघा. मोडलेल्या हाताचा उंचवटा सपाट दिसत असेल तर पुढची तारीख नका घेऊ, याच आठवड्यात जा. आणि अंगठा वर उचलताच येत नसेल तर तेही सांगा. या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अंगठा उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटू शकते आणि तेव्हा दुखतही नाही, म्हणून बायका ते बोलत नाहीत.